पालीचं ‘काय न्हाय’

पालीत मॅबेलबायचा आवाज ऐकलेला नाही असा माणूस शोधायचा, तर तो एक तर ठार बहिरा असायचा किंवा नुकताच बसमधून उतरलेला. उत्तनला लागून असलेल्या त्या गावात ती मासळीचा लिलाव करायची. होड्या आल्या की ओल्या वाळूत पाटी मांडायची, पदर कमरेला खोचायची आणि बोली सुरू करायची. एका पाटीतल्या बोंबलांचं ती असं काही कौतुक करी, की हे मासे बाजारात न्यायचे की त्यांची मिरवणूक काढायची असा ऐकणाऱ्याला प्रश्न पडावा. भाईंदरहून येणारे व्यापारी तिला टरकून असत, आणि तरी तिच्याकडेच येत.

एकेका पाटीची तारीफ करायला पालीत कुणाची हरकत नव्हती. होडीत एकूण किती आलं, हे मात्र तोंडातून काढायचं नाही. होडी काठोकाठ भरून आलेली असो, होडीचा म्होरक्या म्हणजे तांडेल मासळीच्या ढिगावर एका पायावर उभा असो, कोणी विचारलं तर त्याने समुद्राकडे बघत सांगायचं, ‘काय न्हाय.’ विचारणारा फारच जवळचा असेल तर ‘हाय जरासा.’ कारण दर्या ऐकत असतो. जेवणाऱ्याने ‘पुरे’ म्हटलं की वाढणारीचा हात आखडतो, तसंच त्याचं. असल्या समजुती धरू नका असं फादर रविवारी सांगायचे, सगळे माना डोलवायचे, आणि सोमवारी पुन्हा ‘काय न्हाय’. गंमत अशी की जाळ्यात खरोखरच काही आलं नसेल तर तांडेल हे शब्द वापरतच नसे. वारा, पाणी, शेजारच्या गावच्या होड्या, सरकार, अशा सगळ्यांचा उद्धार करत तो किनाऱ्याला लागायचा. त्यामुळे कुणाला काय मिळालं ते पालीतल्या शेंबड्या पोरालाही बरोबर कळायचं.

मॅबेलचा नवरा फ्रँक असाच एक तांडेल. बायको जितकी बोलकी, तितका हा घुमा. देवाने त्यांच्या घरासाठी शब्दांचा एकच वाटा पाठवला आणि तो मॅबेलने परस्पर घेतला, असं गाव म्हणे. त्यावर फ्रँक नुसता हसायचा. तो हसला की मॅबेलला आपलं लग्न झालं तो दिवस आठवायचा, आणि ती हे चारचौघांत सांगायलाही कमी करायची नाही.

दुःख एकच होतं. पालीला होड्या लागायला धक्का नव्हता. ओहोटीच्या वेळी होड्या लांबवर चिखलात टेकत आणि बायका डोक्यावर भरल्या पाट्या घेऊन गुडघाभर चिखलातून किनाऱ्याला येत. चिखलाखाली कालवांचे शिंपले. पाय पडला की सुरीसारखे कापायचे. दर मोसमात कोणी ना कोणी पडे. एका वर्षी मॅबेलच पाटीसकट आडवी झाली आणि तिचं मनगट मोडलं. प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून तिने लिलाव चालू ठेवला खरा, पण त्या दिवसापासून तिने धक्क्याचा ध्यास घेतला. स्वतःसाठी नव्हे असं ती म्हणायची, आणि ते अर्धं खरं होतं. आपण पन्नाशीला आलो, आणखी किती वर्षं हे पाय साथ देणार, ही भीती तिला होतीच. ती तिने फ्रँकलासुद्धा सांगितली नव्हती.

अठ्ठ्याऐंशी सालचा पावसाळा सरला आणि हरिश्चंद्र रेडकर पालीत उगवला. मासळीवर संशोधन करणाऱ्या एका सरकारी केंद्रात तो सर्व्हेच्या कामाला होता. गिरगावातली खोली सोडून भाईंदर पूर्वेला नव्या ब्लॉकमध्ये राहायला आलेला, सरळ भांगाचा, सरळ मनाचा माणूस. ठरल्या दिवशी उत्तनची बस पकडून यायचा, पिशवीतून पट्टी ठोकलेली लाकडी फळी काढायचा आणि तिच्यावर एकेक बोंबील आडवा करून लांबी मोजायचा. काहींची पोटं कापून आत गाबोळी, म्हणजे अंडी, धरली आहे का ते बघायचा. पहिल्या दिवशी भोवती ही गर्दी जमली.

“माशांना सदरे शिवतंय काय ह्यो?” मॅबेलने विचारलं आणि सगळा किनारा खिदळला.

हरिश्चंद्रही हसला. मग त्याने नीट समजावून सांगितलं. मासे वाढायच्या आधीच जाळ्यात येतात का, अंडी घालायला त्यांना वेळ मिळतो का, किती मासळी काढली तर पुढच्या वर्षाला समुद्रात पुरेशी राहील, हे सगळं कळायला मोजावं लागतं. हे मॅबेलला एकदम पटलं. तिच्या पाटीतले बोंबील अलीकडे बोटभर आखूड झालेत अशी तिची स्वतःचीच तक्रार होती. तिने त्याला मोजायला पाटी मोकळी करून दिली, आणि हातात कागद-पेन असलेल्या कुणालाही पालीत जे म्हणत ते ‘मास्तर’ हे नाव त्याला तिथल्या तिथे चिकटलं.

मापं झाली की त्याच्या कामाचा दुसरा भाग यायचा. प्रत्येक होडीच्या तांडेलाला विचारायचं, आज एकूण किती मासळी मिळाली? हे तांडेलाच्याच तोंडून यायला हवं, असा त्याच्या कार्यालयाचा नियम होता. मास्तर विचारायचा, तांडेल सांगायचा, मास्तर लिहायचा. नावच हरिश्चंद्र; पदरचा आकडा घालणं त्याच्या स्वभावात बसत नव्हतं. ‘काय न्हाय’ ऐकलं की शून्य. ‘हाय जरासा’ ऐकलं की एक पाटी. समोरून पाट्यांची रीघ चाललेली त्याला दिसत नव्हती असं नाही. पण पाच-सहा होड्या एकदम लागायच्या, कुठली पाटी कुणाची ते कोरड्या वाळूवरून कळायचं नाही. त्याने आपली समजूत करून घेतली होती, की उत्तनच्या आणि शेजारच्या चौक गावच्या होड्या मॅबेलबाईंच्या आवाजासाठी इथे लिलावाला येत असणार. समजूत इतकी पटण्यासारखी होती की त्याने ती कधी तपासली नाही.

बरं, होड्यांवरून फुकट मासळी घ्यायची त्याला बंदी. पण जेवायला बसायची बंदी नव्हती, आणि दुपारच्या वेळी आलेला माणूस उपाशी परत जाणं मॅबेलच्या दारात शक्य नव्हतं. तांदळाची भाकरी, तळलेले बोंबील, कधी कोळंबीचं आंबट. मास्तर जेवायचा, पण संकोचाने. यांच्या जाळ्यात काही येत नाही, तरी विकत घेऊन आपल्याला वाढतात, असं त्याला वाटे. तो दुसरी भाकरी नको म्हणायचा. मॅबेल त्याला आग्रह करकरून थकायची आणि मागून फ्रँकला म्हणायची, “पोट बिघडलेला दिसतंय मास्तरचा.”

आणि दर नाताळाला मास्तर त्यांच्या घरी तांदूळ आणायचा. चांगली मोठी पिशवी. शिवाय त्याची बायको सुचेता हिने दिलेले, धुऊन इस्त्री केलेले जुने स्वेटर. मॅबेल ते ठेवून घ्यायची आणि उलट केक, करंज्या भरून द्यायची. तिला वाटे, त्यांच्या जातीत मोठ्या सणाला तांदूळ न्यायचा रिवाज असेल. दुसऱ्यांच्या रिवाजाला नावं ठेवू नयेत, हे तिला लहानपणापासून शिकवलेलं होतं.

एक्क्याण्णवच्या नाताळात मात्र तिला राहवलं नाही.

“मास्तर, खरा सांगा,” त्याच्या पानात सरंग्याची तुकडी टाकत तिने विचारलं. “ह्यो तांदूळ कनच्या रिवाजाचा?”

“रिवाज कसला, मॅबेलताई.” मास्तर अवघडला. “परिस्थिती आम्हाला कळत नाही का? फूल ना फुलाची पाकळी.”

“कुनाची परिस्थिती?”

“तुमचीच की. तीन वर्षं झाली, फ्रँकदादांच्या होडीला मासळी म्हणून नाही. मीच लिहितोय ना, मला ठाऊक आहे.”

मॅबेलने फ्रँककडे पाहिलं, फ्रँकने छताकडे. मग मॅबेलला जे हसू फुटलं ते आवरेचना. ती खुर्चीवरून उठली, दाराला धरून हसली, डोळे पुसून परत हसली. हसता हसताच तिने मास्तरला ‘काय न्हाय’चा अर्थ सांगितला. मास्तरचा घास हातात राहिला. आधी तो लाजला, मग हसला, आणि मग एकाएकी त्याचा चेहरा उतरला.

“मॅबेलताई,” तो म्हणाला, “धक्का गेला तुमचा.”

आसपासच्या गावांपैकी एका गावाला धक्का बांधून द्यायचा असं वर सरकारात ठरत होतं, आणि कुठे किती मासळी उतरते ते आकडे मास्तरच्या केंद्राकडून मागवले होते. पाली सगळ्यांत तळाला. जिथे मासळीच नाही तिथे धक्का कशाला, असा शेरा आलेला त्याने स्वतःच्या डोळ्यांनी वाचला होता. त्याला वाईट वाटलं होतं, पण खरं ते खरं, असं म्हणून तो गप्प बसला होता.

मॅबेल खाली बसली. तिला मास्तरचा राग आला, मग फ्रँकचा, आणि मग स्वतःचाच. तीन वर्षं हा माणूस आपल्याशेजारी उभा राहून ‘काय न्हाय’ लिहून घेत होता. तो ते खरं धरेल असं आपल्या मनातसुद्धा आलं नाही. आपण श्वास घेतो ते कोणी कुणाला समजावून सांगतं का? तसंच ते.

मास्तरने दुसऱ्याच दिवशी ऑफिसात जाऊन झालेला घोळ कबूल केला. त्याच्या वरिष्ठ मृणालिनी मॅडम शिस्तीच्या पण सरळ होत्या. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, की शेरा फिरवायचा तर मी स्वतः पालीला येईन आणि तांडेलांना विचारीन. तुम्ही सांगितलंत म्हणून आकडे बदलता येणार नाहीत, त्यांनी सांगायला हवं.

झालं. चर्चच्या आवारात तांडेलांची बैठक भरली. मॅबेलने तिथे जे भाषण केलं त्यापुढे लिलाव फिका पडला. बायकांच्या पायांचा प्रश्न आहे, एक दिवस खरं बोलायचं आहे, दर्या काही तेवढ्याने आटत नाही. सगळ्यांनी एकमुखाने होकार दिला. पालीतले पुरुष होकार द्यायला कधीच मागे नसत.

घरी तिने फ्रँकची तालीम सुरू केली. ती मॅडम व्हायची आणि विचारायची, “आज किती मिळाली?”

फ्रँक घसा खाकरायचा. “बरा हाय.”

“बरा म्हंजे किती?”

“बरा म्हंजे... वाईट न्हाय.”

“लय गावला, असा बोल.”

फ्रँक तोंड उघडायचा, मिटायचा, आणि कपाळावरचा घाम पुसायचा. वादळात होडी हाकणारा माणूस, पण हे दोन शब्द काही त्याला हाकता येईनात. शेवटी मॅबेलने त्याला एकट्याने सराव करायला पाठवलं. तो मागच्या दारी नारळाच्या झाडापुढे उभा राहून काहीतरी पुटपुटताना दिसे. झाडालासुद्धा तो ‘हाय जरासा’च्या पुढे काही सांगू शकला नाही, असं शेजारी म्हणत.

मॅडम आल्या त्या दिवशी ओहोटी होती आणि होड्या अशा भरून आल्या होत्या की पाण्यात बुडतात की काय असं वाटावं. मॅडम चपला काढून, साडी वर खोचून चिखलाच्या कडेला उभ्या राहिल्या. शेजारी मास्तर, त्याचा चेहरा परीक्षेला बसलेल्या मुलासारखा. पहिला तांडेल रुबेन चिखल तुडवत आला. बैठकीत सगळ्यांत मोठ्याने ‘बोलू की’ म्हणणारा हाच.

“आज किती मासळी मिळाली?” मॅडमनी विचारलं.

रुबेनने मॅडमकडे पाहिलं, मॅबेलकडे पाहिलं, मागे वळून समुद्राकडे पाहिलं. “काय न्हाय,” तो म्हणाला आणि मान खाली घालून चालू लागला. दुसरा आला, त्याचंही तेच. तिसऱ्याने जीव एकवटून ‘हाय जरासा’पर्यंत मजल मारली. मॅडम लिहीत होत्या. मास्तरने डोळे मिटले.

मॅबेल तोवर चिखलात उतरली होती, कारण मासळी कुणासाठी थांबत नाही. फ्रँकच्या होडीतून तिने पाटी डोक्यावर घेतली आणि ती परत वळली. मधेच तिचा पाय रुतला. ती हलेना. पाटी सोडली तर मासळी जाणार, म्हणून दोन्ही हातांनी ती पाटी धरून उभी राहिली, तेच मोडून सांधलेलं मनगट वर करून. तिने हाक मारली नाही. बोलणारी मॅबेल काहीच बोलली नाही, आणि नेमकं तेच फ्रँकला सहन झालं नाही. त्याने पुढे होऊन पाटी उतरवून घेतली, तिला दंडाला धरून वर काढलं आणि तसाच चिखलाने माखलेला मॅडमपुढे येऊन उभा राहिला. त्यांनी विचारायचीही वाट त्याने पाहिली नाही.

“लय गावला, बाई,” तो म्हणाला. आवाज एवढा मोठा की त्याचा त्यालाच धक्का बसला. “होडी भरून बोंबील हाय. पाय ठेवायला जागा न्हाय. काल बी गावला, परवा बी गावला. लिवा.”

 दोन-तीन बायकांनी छातीवर क्रूस काढला. मॅडमना यातलं काही कळलं नाही, त्या लिहून घेत होत्या. मॅबेलला सगळं कळलं. आपल्यासाठी या माणसाने काय पणाला लावलं ते जाणून तिला तिथेच त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं, पण दोघंही चिखलाने भरलेली होती आणि सरकारी माणसं बघत होती.

जाताना मॅडम मास्तरला म्हणाल्या, “एका तांडेलावर मी पूर्ण गाव कसं धरू? आठवडाभर रोज येऊन विचारा. बघू बाकीचे काय सांगतात.” बाकीचे काय सांगणार हे मास्तरला आणि मॅबेलला चांगलं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी व्हायचं तेच झालं. फ्रँकची होडी हलकी, उंच तरंगत आली. वाहून आलेला ओंडका जाळ्यात घुसला होता आणि जाळं टरटरून फाटलं होतं. पाटीचा तळही झाकणार नाही एवढी मासळी. मास्तर धावत येऊन सांगायला लागला, ओंडका कुणाच्याही जाळ्यात शिरला असता, याचा कालच्या बोलण्याशी काही संबंध नाही. शास्त्र त्याच्या बाजूने होतं, पण ऐकून घ्यायला कोणी नव्हतं. गाव फ्रँककडे बघत होतं. फ्रँकने वाऱ्याला शिव्या दिल्या नाहीत की सरकारला. तो वाळूत बसला आणि फाटलेलं जाळं मांडीवर ओढून शिवू लागला. मॅबेलला रडू येत होतं. धक्का गेला तर गेला, पण याच्या माथी हे कशाला मारलं आपण, असं तिच्या मनात सारखं येत होतं.

तेवढ्यात रुबेनची होडी लागली. तो उतरला, जाळं शिवणाऱ्या फ्रँकपाशी क्षणभर थांबला आणि मग थेट मास्तरपुढे आला.

“लिवा, मास्तर,” तो म्हणाला. “माज्या होडीत बोंबील. भरून. वर मांदेली हाय दोन पाट्या. लिवला?”

मास्तरने घाईने पेन काढलं. “रुबेन, अहो, नक्की ना?”

“मोठ्यानं बोलतंव, दर्याला बी ऐकू जाऊ दे.” रुबेन समुद्राकडे वळला आणि पुन्हा तेच ओरडून बोलला. मग म्हणाला, “फ्रँकनं एकट्यानं कशाला सोसायचा? रागवायचा तर सगल्यांवर रागव.”

त्याच्यामागून दुसरा आला, तिसरा आला. कालपर्यंत ज्यांच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता ते तांडेल मास्तरभोवती जमून आपापली मासळी ओरडून सांगू लागले. एकाने तर जोशात मागच्या आठवड्याचीही सांगितली. मास्तरला लिहिता पुरेना. तो आठवडा पालीत असाच गेला, आणि त्या आकड्यांवर मॅडमनी शेरा फिरवून घेतला. पुढे धक्क्याचं काम निघालं, त्याला सरकारी कामाला लागतात तेवढे पावसाळे लागले, पण झालं.

रुबेन दर्याला ओरडून बोलला त्या सकाळी मात्र लिलाव उशिरा सुरू झाला. पाट्या मांडलेल्या, व्यापारी ताटकळलेले, आणि मॅबेलबाय फ्रँकशेजारी ओल्या वाळूत बसलेली. जाळ्याचं दुसरं टोक तिने हातात ताणून धरलं होतं, म्हणजे त्याला टाका घालायला सोपं जावं. कोणीतरी तिला हाक मारली. तिने मान हलवली, पण तिच्या तोंडून आवाजच फुटला नाही.